कागद ठेवून जा

पुण्यात वाकडला एखाद्याला फ्लॅट दाखवून दलाली घ्यायची असेल, तर एजंटाला आधी महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी करावी लागते. एकट्याने धंदा करत असेल तर दहा हजार रुपये शुल्क, कंपनी किंवा भागीदारी असेल तर एक लाख. २०२३ पासून त्यात वीस तासांच्या प्रशिक्षणाची आणि परीक्षेची भर पडली. ज्यांनी ते प्रमाणपत्र मिळवलं नाही अशा सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी महारेराने २०२४ मध्ये स्थगित केली. ग्राहकाला खोटं सांगितलं तर तक्रार करायला जागा आहे, दंड आहे, नोंदणी क्रमांक जाहिरातीत छापायची सक्ती आहे.

हाच एजंट रविवारी धाराशिवच्या बाजूला जाऊन एखाद्या शेतकऱ्याची सहा एकर जमीन पवनचक्की किंवा सौरप्रकल्पासाठी तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळवून देत असेल, तर त्याला यातलं काहीही लागत नाही. नोंदणी नाही, परीक्षा नाही, साधं ओळखपत्रही नाही. कारण रेरा कायद्याचं कलम ९ नोंदणीकृत बांधकाम प्रकल्पातली सदनिका किंवा भूखंड विकणाऱ्या एजंटापुरतंच आहे. शेतजमीन त्यात येत नाही, जमिनीवरचा वापरहक्क तर नाहीच. फ्लॅट घेणारा निदान स्वतःहून, चार ठिकाणी भाव काढून, कर्जाची चौकशी करून दारात येतो. शेतकऱ्याच्या दारात मात्र एजंट येतो, तोही ज्या दिवशी त्याला सोयीचं असेल त्या दिवशी.

गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्रातल्या जमिनीला गिऱ्हाइकांची कमतरता पडलेली नाही. पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, मग साक्रीच्या डोंगरांवर, आता बीड-धाराशिवच्या माळावर. जोडीला सौरप्रकल्प, उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे, गॅसच्या पाइपलाइन, मोबाइलचे टॉवर आणि महामार्ग आहेतच. यातल्या बऱ्याच कामांत जमीन विकत घेतली जात नाही. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेणं अवघड असतं, उद्योगासाठीच्या सवलतींनाही अटी आहेत. व्यवहारात कंपन्यांना भाडेपट्टा सोयीचा पडतो. पाइपलाइन किंवा वीजवाहिनी असेल तर फक्त वापराचा हक्क लागतो. सातबारावर नाव शेतकऱ्याचंच राहतं, म्हणून त्याला वाटतं की जमीन कुठे गेली आहे? आहे की आपलीच. आणि वकील न लावता सह्या होतात त्या याच समजुतीवर.

ही साखळी कशी असते ते तालुक्याच्या गावात चहाच्या टपरीवर बसलेल्या कुणालाही माहीत असतं. वर कंपनी. कंपनीने जागा जमवून देण्याचं काम एका ठेकेदार फर्मला दिलेलं. फर्मने जिल्ह्यात एक माणूस धरलेला, त्याने तालुक्यात दोघे-तिघे, आणि त्यांनी प्रत्येक गावात एकेक: कुणी माजी उपसरपंच, कुणी खताचा दुकानवाला, कुणी नुसताच बारा गावचं पाणी प्यालेला. पैसे बहुतेक एकरावर ठरलेले. जितक्या सह्या, तितकं कमिशन. गावातल्या माणसाला वरच्या कंपनीचं नाव धड ठाऊक नसतं, आणि वरच्या कंपनीला गावातला माणूस ठाऊक नसतो किंवा ठाऊक नसल्याचं सांगता येतं.

याच्या हातात माहिती मात्र भरपूर. सातबारा आता मोबाइलवर दिसतो. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा कुणावर आहे, कोणत्या गटात किती सहहिस्सेदार आहेत, कुणाचा वाद चालू आहे, वारस नोंद कुणाची राहिली आहे, हे सगळं एजंट घरी बसून काढतो. मग ज्याच्यावर बोजा मोठा त्याचं दार पहिलं. भावकीत फूट असेल तर सर्वांत छोट्या हिस्सेदाराची सही आधी घ्यायची आणि ती दाखवत बाकीच्यांकडे जायचं. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची आठवण शेवटी येते, हक्कसोडपत्रावर सही हवी असते तेव्हा. बोलणं ठरलेलं: “अण्णा, शेजारच्या गटवाल्यांनी दिल्यात सह्या. तुमचाच एक तुकडा राहिलाय. मशीन पलीकडच्या शिवारात गेलं की मग मला बोल लावू नका.” शेजारच्या गटवाल्यालाही त्याच सकाळी हेच ऐकवलेलं असतं.

माझ्या एका आतेभावाच्या घरी अशा करारांपैकी एक लोखंडी ट्रंकेत, पीककर्जाच्या पासबुकाखाली ठेवलेला आहे. तो मी वाचला. वर ५०० रुपयांचा मुद्रांक, ऑक्टोबर २०२४ नंतर शंभराचा चालत नाही म्हणून. खाली इंग्रजीत दाट टायपिंग, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आतेभावाची सही आणि आत्याचा डाव्या हाताचा अंगठा. मराठीत फक्त शेवटचं एक पान, त्यात भाड्याची रक्कम आणि ‘वाचून व समजून सही केली आहे’ हे वाक्य. इंग्रजी भागात काय होतं? कंपनीला तीन वर्षांपर्यंत जागा घ्यायची की नाही हे ठरवायची मुभा, आणि तोवर शेतकऱ्याने दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही. भाडं सुरू होणार ते काम सुरू झाल्यावर. भाडेपट्ट्याचा हक्क कंपनी कुणालाही विकू शकते, बँकेकडे गहाण ठेवू शकते. शिवाय एक न रद्द होणारं कुलमुखत्यारपत्र. हे असं रद्द न होणारं कुलमुखत्यारपत्र करार कायद्याच्या कलम २०२ चा आधार घेऊन लिहिलेलं असतं: मुखत्याराचाच त्या मालमत्तेत हितसंबंध असेल, तर मालकाला ते एकतर्फी मागे घेता येत नाही. आतेभावाला मिळालेला इसार अकरा हजार रुपयांचा.

ज्या माणसाने ओसरीवर बसून तासभर हे सगळं ‘समजावून’ सांगितलं, त्याचं नाव करारात एकाच ठिकाणी सापडलं. साक्षीदार क्रमांक दोन. पत्ता नाही, फोन नाही, तो कुणाच्या वतीने आला होता याचा उल्लेख नाही.

इथे कायदा अगदीच मुका आहे असं नाही. १८७२ च्या करार कायद्यात कलम २३८ आहे: एजंटाने आपल्याला नेमणाऱ्याचं काम करताना दिशाभूल केली किंवा फसवणूक केली, तर ती नेमणाऱ्यानेच केल्यासारखी धरायची. वाचायला छान. पण त्यासाठी आधी तो माणूस कंपनीचा एजंट होता हे शेतकऱ्याने सिद्ध करायचं. कागदावर तो साक्षीदार. कंपनीच्या पगारपत्रकावर नाही. कमिशन रोखीत. मग सिद्ध कशाच्या जोरावर करणार? एकशे पन्नास वर्षांपूर्वीचं चांगलं कलम असं एजंटांच्या एका नोंदवहीच्या अभावी पडून आहे.

ही नोंदवही ठेवणारा मुलूख आहे, आणि तो तेलाचा आहे. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात १३ फेब्रुवारी १९४७ ला लेडुक गावाजवळच्या विहिरीतून तेल उसळलं आणि गव्हाच्या शेतांमध्ये कंपन्यांची माणसं फिरू लागली. तिथली मेख अशी की शेतकऱ्याकडे बहुधा वरची जमीनच असते. खालच्या खनिजांपैकी सुमारे ८१ टक्के प्रांत सरकारच्या मालकीची. सरकार ती कंपनीला भाडेपट्ट्याने देतं. कंपनीला तेल काढायला वरून खाली जावं लागतं, म्हणून शेतकऱ्याच्या १६० एकरांतले तीन-चार एकर आणि तिथवर जाणारा रस्ता हवा असतो. हे मागायला जो येतो तो लँड एजंट.

अल्बर्टात या कामासाठी स्वतंत्र परवाना कायदा आहे, आणि त्याची व्याख्या कुणालाही निसटू देत नाही. दुसऱ्याच्या वतीने बोलणी करणारा एजंट तर आलाच. पण आपल्या मालकासाठी, म्हणजे कंपनीचा पगारी नोकर म्हणून बोलणी करणाराही आला, आणि स्वतःसाठी हक्क मिळवणाराही. ‘मी फक्त कंपनीचा कर्मचारी आहे’ ही पळवाट तिथे चालत नाही. नवख्याला आधी तात्पुरता परवाना, अनुभवी एजंटाच्या हाताखाली उमेदवारी, परीक्षा, मग कायमचा. ओल्ड्स कॉलेज या कृषी महाविद्यालयात या कामाचा पदविका अभ्यासक्रमच होता: नकाशे वाचणं, मालकीहक्क तपासणं, मातीची हानी समजणं, माणसाशी बोलणं. परवाने देणारा निबंधक तक्रार आली की चौकशी करतो आणि परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतो.

पण परीक्षेपेक्षा मला त्या कायद्यातली दुसरीच तरतूद मोलाची वाटते. एजंटाने कराराचा मसुदा जमीनमालकाच्या हातात द्यायचा, आणि त्यानंतर रविवार व सुट्ट्या वगळून ४८ तास त्याच्याशी पुढची बोलणी करायची नाहीत. मालकाने स्वतःहून बोलावलं तर गोष्ट वेगळी. एजंटाने मात्र रेटायचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी मसुदा दिला आणि शनिवारी सकाळी ‘काय ठरलं?’ म्हणून उभा राहिला, असं चालत नाही.

वरवर पाहता हा किरकोळ नियम आहे. पण जमिनीच्या व्यवहारातली निम्मी लबाडी घाईवर चालते. ‘आज साहेब आलेत, उद्या ते नागपूरला जातील’, ‘हा भाव याच आठवड्यापुरता’, ‘दुय्यम निबंधकाकडे नंबर लावलाय, गाडी बाहेर उभी आहे’ या सगळ्या वाक्यांची हवा दोन दिवसांत जाते. तेवढ्यात कागद पोराला दाखवता येतो, तालुक्याच्या वकिलाकडे नेता येतो, बहिणीला फोन करता येतो. शेजाऱ्याला विचारता येतं की तू खरंच सही केलीस का. यासाठी सरकारला नवं खातं काढावं लागत नाही, एक रुपयाही खर्च नाही.

अल्बर्टाचं सगळंच आलबेल आहे असं सांगायला मी बसलेलो नाही. तिथल्या शेतकऱ्याने कितीही विचार केला, तरी त्याला कायमचं ‘नाही’ म्हणता येत नाही. बोलणी फिसकटली की कंपनी न्यायाधिकरणाकडे जाते आणि प्रवेशाचा आदेश आणते. २०२१ पर्यंत हे काम सरफेस राइट्स बोर्ड करत असे, आता ते जमीन व मालमत्ता हक्क न्यायाधिकरणात विलीन झालं आहे. त्या आदेशाबरोबर नुकसानीचा हिशोब होतो, वार्षिक भरपाईचा दर पाच वर्षांनी फेरविचार होतो, पण विहीर शेतात येतेच. शिवाय तेलाचे भाव पडले की कंपन्या बुडतात आणि विहिरी बेवारस होतात. रेडवॉटर एनर्जी ही अशीच बुडालेली कंपनी. तिच्या विहिरी बुजवण्याचा खर्च आधी की बँकेचं कर्ज आधी, हा वाद कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९ मध्ये निकाल विहिरी बुजवण्याच्या बाजूने लागला. भाडं थकवलेल्या कंपनीच्या बदल्यात शेतकऱ्याला सरकारी तिजोरीतून पैसे द्यायची तरतूद तिथल्या कायद्यात आहे. एजंटाच्या परवान्याचा यात काही उपयोग नाही. परवाना बोलणी सचोटीने व्हावीत यासाठी. करार पाळला जाईल याची हमी तो देत नाही.

आणखी एक खटकणारी गोष्ट. अल्बर्टाच्या परवाना कायद्यातल्या त्याच व्याख्येत मोबदला घेऊन शेतकऱ्याला सल्ला देणाराही लँड एजंट ठरवला आहे. म्हणजे कंपन्यांशी चार वेळा भांडून शहाणा झालेला म्हातारा शेजारी तुमच्याकडून फी घेऊन दोन गोष्टी सांगू लागला, तर त्यालाही परवाना हवा. हा भाग आपण उचलू नये. कंपनीकडे वकिलांची फौज असते. शेतकऱ्याच्या बाजूला जो कुणी उभा राहील त्याच्या पायात बेडी कशाला?

अमेरिकेत प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. २०२४ मध्ये ‘लँडमॅन’ ही मालिका आली आणि टेक्सासचा हा पेशा घराघरात पोहोचला, सिगरेट आणि गोळीबारासकट. प्रत्यक्षात पाइपलाइन आणि वीजवाहिनीसाठी मार्गहक्क मिळवणाऱ्या एजंटाला टेक्सासच्या रिअल इस्टेट आयोगाकडे नोंदणी करावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात १६ तासांचं प्रशिक्षण आलं, नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा १६ तास. त्याच दुरुस्तीतली एक बंदी आपल्याकडच्या कमिशनवाल्यांना झोंबेल अशी आहे: राज्यघटनेनुसार देय असलेल्या भरपाईपेक्षा कमी आहे हे ठाऊक असूनही पहिला भाव कमी सांगायचा आणि त्याबद्दल आर्थिक बक्षीस घ्यायचं, हे एजंटाला चालत नाही. शेतकऱ्याला जितकं कमी, तितकं एजंटाला जास्त, ही सांगड तोडण्याचा तो प्रयत्न आहे.

महाराष्ट्राने या दिशेने एकदा पाऊल टाकलं होतं. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, दहा जिल्ह्यांतून आणि ३९२ गावांतून जाणारा. सुरुवातीला सरकारने भूसंचयनाची, म्हणजे जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देण्याची योजना आणली. ती शेतकऱ्यांनी, विशेषतः नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात शिवड्यासारख्या गावांनी, जोरात नाकारली. मग २०१७ पासून थेट खरेदी सुरू झाली. त्यासाठी रस्ते विकास महामंडळाने गावोगाव ‘संवादक’ नेमले. घरोघरी जाऊन योजना समजावणं, कागद गोळा करणं, खरेदीखतापर्यंत शेतकऱ्याला नेणं हे त्यांचं काम.

थेट खरेदीचं गणित सरळ होतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपट मिळत होतं. राजीखुशीने दिली तर त्यावर आणखी २५ टक्के, म्हणजे एकूण पाचपट. न दिली तर सक्तीचं संपादन आणि ते वरचे पंचवीस टक्के गायब. त्यामुळे ‘आत्ता द्या, नंतर कमी मिळेल’ हे संवादकाचं वाक्य खोटं नव्हतं. खाजगी एजंटाच्या तोंडात तेच वाक्य धमकी असते आणि बहुतेकदा थाप. पवनचक्कीच्या कंपनीकडे सक्तीने जमीन घेण्याचा अधिकार नसतो, पण शेतकऱ्याने समृद्धीचं ऐकलेलं असतं, म्हणून थाप खपते. वीजवाहिनीचं पुन्हा निराळं. तिथे विद्युत कायद्याच्या कलम १६४ मुळे कंपनीला १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार मिळू शकतात आणि संमतीशिवायही मनोरा उभा राहू शकतो; मात्र केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मनोऱ्याखालच्या जमिनीला तिच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के भरपाई धरली आहे. आपल्यासमोर बसलेल्या माणसामागे यातला नेमका कोणता अधिकार आहे, की कोणताच नाही, हे शेतकऱ्याला कोण सांगणार? परवानाधारक एजंटाचं ते पहिलं कर्तव्य ठरवता येईल.

संवादकांना शेतकरी नावाने ओळखत होते, ते कुणासाठी काम करतात हे उघड होतं आणि भाव चव्हाट्यावर होता. पैसा थेट खात्यात आला. त्यातूनही घराघरात वाद झाले, बहिणींचे हिस्से कोर्टात गेले, पण दलालाने मधल्यामध्ये हात मारण्याची जागा कमी राहिली. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतही हेच दिसतं. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ, हा आकडा जाहीर आहे. आकडा चावडीवर लागला की त्याच्या खाली बोलणाऱ्या एजंटाला कुणी पाण्यालाही विचारत नाही. अडचण खाजगी प्रकल्पांची, तिथे आकडाच गुलदस्त्यात असतो.

परवान्याला विरोध करणाऱ्यांचा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि तो पोकळ नाही. परवाना म्हटला की खिडकी आली, खिडकी म्हटली की साहेब आला आणि साहेब म्हटला की पाकीट आलं. गावातला बारावी झालेला पोरगा, ज्याला चार पैसे या कामातून मिळतात, तो इंग्रजी परीक्षेत नापास होईल आणि परवाने पुण्या-मुंबईच्या फर्मकडे जातील. शिवाय महारेराचा अभ्यासक्रम शेतजमिनीला लावून काय उपयोग? चटईक्षेत्र शिकलेल्या माणसाला वर्ग दोनची जमीन, वतनाची जमीन, आदिवासी खातेदाराच्या जमिनीला लागू होणारं महसूल संहितेचं कलम ३६अ कुठून कळणार?

म्हणून परीक्षेचा घाट घालू नये असं माझं मत आहे. नोंदणी हवी, फुकट किंवा नाममात्र शुल्कात, जिल्हाधिकारी कार्यालयात, आणि यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर. नोंदणीत दोन नावं: एजंटाचं आणि तो ज्याच्यासाठी आलाय त्या कंपनीचं. मधल्या फर्मचं नाव पुरायचं नाही. एवढं झालं तरी ते कलम २३८ जिवंत होईल. करार मराठीत, एजंटाचं नाव आणि त्याचं कमिशन करारातच लिहिलेलं, साक्षीदाराच्या रकान्यात लपलेलं नाही. आणि अठ्ठेचाळीस तास. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतोच, १९०८ च्या कायद्यात तसं आहे. मसुदा दिल्याची तारीख आणि सहीची तारीख यांत दोन दिवसांचं अंतर आहे का, एवढं दुय्यम निबंधकाने बघायचं. नसेल तर दस्त परत.

बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. तपासात पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीचा धागा पुढे आला आणि खटला न्यायालयात आहे. त्या प्रकरणाचा निकाल इथे लावायचा नाही. पण जिथे प्रकल्पाचा पैसा गावात शिरतो आणि मधल्या माणसांची कुठेच नोंद नसते, तिथे एजंट कोण, ठेकेदार कोण आणि खंडणीखोर कोण हे गावालाही वेगळं करता येईनासं होतं. हे सरकारला दिसत नसेल असं नाही. रेराचा कायदा २०१६ चा; शहरातल्या ग्राहकाचा आवाज पोहोचला म्हणून तो झाला. शेतातल्या करारांसाठी महसूल खात्याने साधं शासन परिपत्रक काढून सुरुवात केली तरी चालेल.

तोवर हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचं गावाकडे शेत आहे, त्यांनी पुढच्या वेळी घरी गेल्यावर एवढं करा. आई-वडिलांना, काकांना सांगून ठेवा की जमिनीचा कागद घेऊन कुणीही आलं, कितीही ओळखीचं असलं, तरी त्याला चहा द्या, कंपनीचं नाव आणि त्याचा फोन नंबर वहीत लिहून घ्या, आणि म्हणा, “कागद ठेवून जा, परवा ये.” त्या दिवशी सही करायची नाही, अंगठाही द्यायचा नाही. कागदाचे फोटो तुम्हाला पाठवायला सांगा आणि तालुक्याच्या वकिलाची फी तुम्ही भरा. कागद ठेवायलाच जो तयार होत नाही, त्याच्याशी व्यवहार करू नका.